हरणीचा पट्टा

कुत्री दत्तक देणाऱ्या संस्थेच्या फॉर्ममध्ये एकतीस प्रश्न होते. घर स्वतःचं की भाड्याचं, कितवा मजला, गॅलरीला जाळी आहे का, गावाला गेलात तर कुत्रीला कुठे ठेवणार, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का. सव्विसावा प्रश्न असा होता : 'कुत्री हातातून सुटून पळाली तर पहिल्या दहा मिनिटांत काय कराल?' मी लिहिलं, 'हाका मारत तिच्या मागे धावेन.'

दुसऱ्या दिवशी संस्थेतल्या ताईंचा फोन आला. बाकीच्या तीस उत्तरांबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सव्विसावं चुकलंय. कारवान जातीच्या शिकारी कुत्रीमागे माणूस धावला की ती आणखी जोरात पळते, आणि तुम्ही तिला गाठणं शक्यच नाही. यावर नीट विचार करा, मग भेटायला या."

मी विचार केला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

कारवानच का, तर आईमुळे. आईचं माहेर जत तालुक्यातलं. तिच्या लहानपणी आजोबांकडे दोन कारवानी होत्या, एक लाल आणि एक काळी. पहाटे आजोबा त्यांना घेऊन माळावर जायचे आणि ससा घेऊन यायचे. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो गुन्हा ठरला, आणि ठरला ते बरंच झालं. पण ज्या कामासाठी ही जात पिढ्यान्‌पिढ्या घडवली ते काम गेलं आणि जात मागे राहिली. त्या पट्ट्यात, म्हणजे जत, मंगळवेढा, पलीकडे विजापूर, बागलकोट, आजही मेंढरांमागे आणि मळ्यांवर ही कुत्री दिसतात. मुधोळच्या मालोजीराव घोरपडे यांनी तिची जोपासना केली, म्हणून कर्नाटकात तिला मुधोळ हाउंड म्हणतात. आपल्याकडे कारवान किंवा कारवानी. कानाला, शेपटीला रेशमासारखे लांब केस असले की पश्मी. २००५ साली टपाल खात्यानं चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होती. २०१६ च्या सुमारास लष्करानंही मेरठच्या केंद्रात मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी घेतली.

हे सगळं अभिमानानं सांगण्यासारखं आहेच. पण नाव झालं की मागणी वाढते. ताई सांगत होत्या, शहरातले लोक हौसेनं पिल्लू घेतात, आठ-दहा महिन्यांनी ते घरात मावेनासं होतं, मग 'गावाकडे सोडून आलो' म्हणतात. गावाकडे म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही.

आमची कुत्री सोलापूर रस्त्यावर इंदापूरच्या पुढे एका ढाब्यामागे सापडली होती. संस्थेत तिचं नाव मिली ठेवलं होतं. पहिल्या भेटीत ती गोणपाटावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी अर्धा तास बसलो, तिनं वळून पाहिलं नाही. मला मात्र तिला जवळून पाहता आलं. बरगड्या मोजता येत होत्या. या जातीत दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं ठीक असतं, हिच्या सगळ्याच दिसत होत्या. कोपरांवर उघड्या फरशीवर पडून पडून घट्टे झालेले. उजव्या कानाची कड फाटून भरलेली. आणि मानेभोवती बोटभर रुंदीची एक रेघ, तिथे केसच नव्हते. दावं सतत घासून घासून उरलेली ती जागा. डॉक्टरांच्या अंदाजानं वय साडेतीन, किमान दोन वेळा व्यालेली, वजन साडेसतरा किलो.

ताईंनी सांगितलं होतं की हात पुढे करायचा नाही, डोळ्यांत बघायचं नाही, बोलायचंच असेल तर आपापसांत बोलायचं. दुसऱ्या शनिवारी तिनं माझ्या चपलेचा वास घेतला. तिसऱ्या शनिवारी आई बरोबर होती. आई बाकावर बसली आणि सहज म्हणाली, "हरणीसारखी आहे गं तू." कुत्री उठली, सावकाश चालत आली आणि आईच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. सगळा भार टाकून. कारवानी असं टेकतात, ते नंतर कळलं. आईला ते ठाऊकच होतं. तिनं डोक्यावर हात ठेवला नाही, मानेखालून छातीवर ठेवला. नाव तिथेच बदललं.

पण त्या दिवशी तिला घरी आणता आलं नाही. आधी घर बघायला माणसं येणार होती. ताई आणि एक तरुण मुलगा असे दोघं एका संध्याकाळी आले. आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो. त्या मुलानं गॅलरीच्या कठड्याची उंची टेपनं मोजली आणि जाळी वरपर्यंत हवी असं लिहून घेतलं. गॅलरीच्या काचेच्या दाराला डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे कुत्रीच्या डोळ्यांच्या उंचीवर, रंगीत पट्ट्या चिकटवायला सांगितल्या. ही कुत्री नजरेवर शिकार करणारी, पलीकडे कबूतर दिसलं की काच दिसत नाही. मुख्य दाराच्या आत आणखी एक लहान फाटक बसवा, म्हणजे कुरिअरवाल्यासाठी दार उघडलं तरी ती जिन्यात जाणार नाही. मग ताई आईशी वेगळ्या बसून बोलल्या. काय बोलल्या ते आईनं मला सांगितलेलं नाही. बायकोला आणि मुलीलाही त्यांनी एकेकटं विचारलं. मला तेव्हा हे जरा जास्तच वाटलं होतं. आज मी कुणाला सल्ला दिला तर हेच सांगेन की जी संस्था इतकं विचारत नाही तिच्याकडून कुत्रं घेऊ नका.

करारनामा दोन पानी होता. पहिले तीन महिने फोस्टर, म्हणजे कुत्री संस्थेची, सांभाळायची आम्ही. नसबंदी झालेली होतीच. बांधून ठेवायचं नाही. दुसऱ्या कुणाला परस्पर द्यायचं नाही, जमलं नाही तर संस्थेलाच परत. आणि सातवी अट : 'चारी बाजूंनी बंद नसलेल्या जागेत कधीही मोकळं सोडणार नाही.' त्याबरोबर त्यांनी एक रुंद कापडी पट्टा दिला. कारवानचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकली की सहज निघतो. हा पट्टा ओढ बसली की थोडासाच आवळतो, गळा दाबत नाही आणि डोक्यावरून निघत नाही. मार्टिंगेल म्हणतात त्याला.

घरी आल्यावर पहिले काही दिवस तिला सगळंच नवीन होतं. गुळगुळीत फरशीवर पाय पसरायचे, म्हणून दारापासून गादीपर्यंत जुन्या सतरंज्या अंथरल्या. जिना तिनं कधी चढला नसावा. पहिल्या पायरीशी येऊन थरथरत उभी राहायची. उचलून घ्यायला गेलो तर अंग दगडासारखं करायची. मुलीनं प्रत्येक पायरीवर उकडलेल्या चिकनचा एकेक तुकडा ठेवून दोन दिवसांत तिला चौथ्या मजल्यापर्यंत आणलं. कुकरची शिट्टी झाली की ती पलंगाखाली. आईनं मग शिट्टीच्या आधी तिला हाक मारून हातावर भाकरीचा तुकडा द्यायला सुरुवात केली. आठवड्याभरात शिट्टी झाली की हरणी स्वयंपाकघरात हजर.

रक्त तपासल्यावर गोचीडताप निघाला. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस, पोटात काहीतरी घालून मगच. जेवण एकदम न देता तीन वेळा थोडं थोडं. या खोल छातीच्या कुत्र्यांना भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगून जठराला पीळ पडू शकतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. हे आमच्या फ्रिजवर लिहून लावलेलं आहे.

लोकांची एक समजूत असते की शिकारी कुत्री म्हणजे दिवसभर घरात धुमाकूळ. हरणी दिवसातले बरेच तास झोपते, तेही पाठीवर, चारही पाय वर करून. तिची ताकद साठून राहते आणि दोन-तीन मिनिटांत सगळी बाहेर पडते. ती बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर मात्र वाईट. सहाव्या दिवशी पाऊस होता, फिरणं झालं नाही, संध्याकाळी तिनं दिवाणावरची गादी उसवून कापूस हॉलभर केला. कुणी ओरडलं नाही. आईची सक्त ताकीद होती, "कारवानीवर आवाज चढवायचा नाही. ती विसरत नाही."

आता ती सकाळ.

बारावा दिवस. आदल्या दिवशी मी तिच्यासाठी चामड्याचा नवा पट्टा आणला होता, पितळी बकलाचा. संस्थेचा पट्टा धुवायला टाकला आणि नवा घातला. दोन बोटं आत जातील एवढा सैल, मानेवरच्या त्या रेघेला घासायला नको म्हणून. तिला घेऊन वेताळ टेकडीवर गेलो. सहाला पाच कमी. माथ्याच्या अलीकडे डाव्या हाताच्या झुडपातून एक लांडोर फडफडत निघाली. हरणी पुढे झेपावली, दोरी ताणली गेली, आणि तिनं मान खाली घालून एक पाऊल मागे घेतलं. एकच. पट्टा रिकामा होऊन माझ्या हातात आला. मग ती गेली. मी तिला जाताना पाहिलं असंही म्हणता येणार नाही. गवत हललं एवढंच दिसलं.

आणि मी तेच केलं जे फॉर्ममध्ये लिहिलं होतं. हाका मारत धावलो. वीसेक मिनिटं वेड्यासारखा धावत होतो. मग ताईंना फोन लावला. त्यांनी आधी एकच विचारलं, "पट्टा कुठला होता?" मी सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "जिथून सुटली तिथे परत जा. खाली बसा. हाक मारू नका. टेकडीवरच्या लोकांना सांगा की दिसली तर पकडायला जाऊ नका, फक्त कळवा. घरून तिची चादर आणि आईंची एखादी वापरलेली साडी मागवा. मी निघाले."

बायको साडी आणि चादर घेऊन आली, मागोमाग ताई स्कूटरवर. आम्ही ती कापडं वाटेवर पसरली, वाऱ्यावर वास जाईल अशी. ताई म्हणाल्या, हरवलेलं कुत्रं बऱ्याचदा जिथे माणूस सुटलं त्या जागी फेरी मारतं, पण तिथे गलका असेल तर येत नाही. मग बसलो. फिरायला येणारे लोक थांबून विचारायचे, आम्ही हळू आवाजात सांगायचो आणि ते पुढे जायचे. सात वाजले, आठ, नऊ. खालच्या रस्त्यावर बसच्या ब्रेकचा आवाज आला की माझ्या पोटात खड्डा पडायचा. ताईंनी त्या पाच तासांत मला एकदाही बोल लावला नाही.

अकराच्या सुमारास बायकोनं माझ्या हाताला नुसतं बोट लावलं. हरणी पन्नास पावलांवर झुडपाच्या सावलीत उभी होती. जीभ बाहेर, अंग धुळीनं राखाडी. ताई कुजबुजल्या, "तिच्याकडे पाठ करा. आडवे व्हा." मी त्या तापलेल्या मुरुमावर तिच्याकडे पाठ करून आडवा झालो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग मानेवर गरम श्वास लागला आणि तिनं माझ्या पाठीला अंग टेकलं. ताईंनी सरपटत येऊन तिच्या गळ्यात संस्थेचा दुसरा पट्टा चढवला, तोच रुंद, आवळणारा. तेव्हा कुठे मी वळलो, आणि पाहिलं तर मागच्या मांडीची कातडी वीतभर फाटून लोंबत होती. कुठल्या तरी तारेच्या कुंपणातून गेली असावी.

या कुत्र्यांची कातडी पातळ असते, खाली चरबीचा थर जवळपास नाही. साध्या कुत्र्याला जिथे ओरखडा उठेल तिथे हिची कातडी कागदासारखी फाटते. डॉक्टरांनी भूल देताना जी काळजी घेतली ती मी दाराच्या काचेतून पाहत होतो. ग्रेहाउंडच्या जातकुळीत थायोपेंटोनसारखं जुनं औषध दिलं तर भूल लवकर उतरत नाही, म्हणून त्यांनी दुसरं औषध वापरलं. अंगात चरबी नसल्यानं भुलीत शरीर फार लवकर गार पडतं, म्हणून टेबलावर गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या आणि वर घोंगडी घातली. तुमच्याकडे कारवान असेल तर कुठल्याही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांशी हे दोन्ही बोला, सगळ्यांनाच या जातीची सवय असते असं नाही. बावीस टाके पडले.

संध्याकाळी ताईंना म्हणालो, "करारानुसार तुम्ही तिला परत नेऊ शकता." त्या म्हणाल्या, "नेणार होते. पण ती परत कुणापाशी आली ते मी पाहिलं." चामड्याचा पट्टा मी त्याच दिवशी घराबाहेर काढला.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे कमी आणि करण्यासारखे जास्त होते. फिरताना आता दोन दोऱ्या, एक रुंद पट्ट्याला आणि एक हार्नेसला. टेकडी बंद. ती जागा मोरांची आहे, सशांची आहे, शिकारी कुत्रं घेऊन मी तिथे जायलाच नको होतं. शिट्टी वाजली की परत यायचं, हे तिला कोंबडीच्या काळजाच्या तुकड्यांवर शिकवलं. घरात शंभरातले शंभर वेळा येते. पार्किंगमध्ये लांब दोरीवर नव्वद वेळा येते. पण समोरून मांजर पळालं की तिला शिट्टी ऐकूच येत नाही. हट्टीपणा नव्हे हा. काही पळताना दिसलं की तिचा सगळा जीव डोळ्यांत जातो, कान उरतच नाहीत. माझ्या ओळखीत दोन-तीन जण छातीठोकपणे सांगतात की आमची कारवान मोकळी फिरते, शिकवलं की सगळं होतं. मला ते ऐकून भीती वाटते. एखाद्या दिवशी रस्त्यापलीकडे मांजर असेल.

सोसायटीत लिफ्टवरून थोडं झालं. महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लशीचा दाखला आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक, ज्यात सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही असं स्पष्ट लिहिलंय, हे तिन्ही फाइलला लावून दिलं. विषय मिटला.

पळायचं काय, हा प्रश्न उरलाच होता. दोरीवर कितीही चालवलं तरी कारवानचं पळणं त्यातून भागत नाही. शेवटी एका मित्राच्या शेताची आठवण झाली. सासवडजवळ त्याची अंजिराची बाग आहे, शेजारी एकरभर पडीक रान, चारही बाजूंनी सहा फुटी जाळी. त्याला विचारलं. म्हणाला, रविवारी ये.

टाके सुकून दीड महिना झाल्यावर तिला तिथे पहिल्यांदा सोडली. आई खाटेवर बसली होती. मी काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला चिंधी बांधून ती जमिनीवरून ओढली. हरणीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुटली. मुलीनं मोबाइलवर तिचं पळणं धिम्या गतीनं टिपलंय. त्यात दिसतं की एका झेपेत दोनदा तिचे चारही पाय जमिनीवर नसतात. एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, आणि एकदा पुढचे पुढे, मागचे मागे, सगळं अंग धनुष्यासारखं ताणलेलं असताना. पाठीचा कणा वाकतो आणि उलगडतो. शेपटी वळणावर सुकाणूसारखी एका बाजूला जाते. मातीचे ढेकळ मागे उडत राहतात. अडीच मिनिटं. मग ती आईच्या खाटेखाली जाऊन आडवी झाली, बरगड्या वरखाली होत होत्या. आई पदरानं डोळे पुसत होती. म्हणाली, "आबांच्या लालीनंतर आत्ता पाहिलं असं."

तीन महिने पूर्ण झाले तेव्हा ताई कागद घेऊन आल्या. वजन बावीस किलो भरलं. मानेवरच्या रेघेत बारीक लाल केस उगवलेत, पूर्ण भरेल की नाही सांगता येत नाही. ताईंनी गॅलरी पाहिली, फाटक ओढून पाहिलं, पट्ट्याची शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि मग सही घेतली. जाताना म्हणाल्या, "सव्विसावं उत्तर परत लिहून द्या." मी लिहून दिलं.

आता दर रविवारी सासवड. गेल्यावर हरणीला गाडीतच ठेवायचं, काचा थोड्या खाली, मुलगी तिच्याजवळ. मी जाळीच्या कडेनं पूर्ण फेरी मारतो. मागच्या रविवारी ओढ्याकडच्या कोपऱ्यात काहीतरी जाळीखालची माती उकरून गेलं होतं, हातभर रुंद भोक. मित्राचा गडी म्हणाला, डुकराचं काम. आम्ही दोघांनी ओढ्यातून दगड आणून भोक बुजवलं, वर बाभळीच्या फांद्या रोवल्या, पाय देऊन दाबून पाहिलं. पाऊण तास गेला. गाडीतून हरणी सारखी कुंईकुंई करत होती. मग मी उरलेली फेरी पूर्ण केली, फाटकाची कडी लावली, आणि मुलीला म्हटलं, सोड.